आरशाच्या मधोमध एक डाग

मित्रांनो, आधी बोटे मागे घ्या. मी एक जुने ब्लेड आहे, तेही अर्धे, आणि माझी ओळख तुमच्या बोटांना होण्यापेक्षा कानांना झालेली बरी. दाढीच्या ब्लेडला दोन धारा असतात हे तुम्ही घरी पाहिले असेल. मला एकच आहे. दुसरी माझ्या जुळ्या भावंडाकडे गेली. मी आजवर एकही गाल पाहिलेला नाही. दोरा कापला नाही की पेन्सिलीला टोक काढले नाही. मी जन्मभर फक्त उजेड कापला. माझ्याबरोबर एका पुडक्यात असलेली बाकीची ब्लेडे हे ऐकून हसली असती, पण ती सगळी केव्हाच बोथट होऊन कचऱ्यात गेली आणि मी अजून बोलते आहे.

एका कारखान्यात पोलादाच्या लांबच लांब पट्टीतून माझा जन्म झाला. मला तापवले, तेलात बुडवले, दगडावर घासून धार दिली आणि मेणकागदात गुंडाळून निजवले. दुकानाच्या कपाटात मी किती काळ पडून होते ते मला ठाऊक नाही. कागदाच्या आत दिवस आणि रात्र सारखेच असतात. मग एका माणसाने मला घरी आणले. दाढीचे सामान त्याने बाजूला सारले, मला कागदासकट दोन्ही हातांच्या चिमटीत धरले आणि मधोमध वाकवले. कट् असा आवाज झाला आणि एकाची आम्ही दोन झालो.

"अहो, नवं कोरं ब्लेड मोडलंत की!" स्वयंपाकघराच्या दारातून एक बाई ओरडली.

"मोडलं नाही, कामाला लावलं," तो म्हणाला.

माझे भावंड त्या बाईच्या शिवणाच्या डब्यात गेले, शिलाई उसवायला. मला त्याने ठेवून घेतले.

हा माणूस शाळेची बस चालवत असे. मुले त्याला बसकाका म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणते. ती बाई त्याची बायको, तिला सगळे काकू म्हणत. बसकाका जाड मानेचा, मोठ्या आवाजाचा आणि आपल्या नजरेचा फार अभिमान असलेला माणूस होता. इतकी वर्षे बस चालवली पण तिच्यावर एक ओरखडा नाही, हे तो आल्यागेल्याला ऐकवत असे. "डोळ्यांत तेल घालून चालवतो," असे म्हणे. काकू म्हणे, "तरीच उशी तेलकट होते."

एकदा बसमधल्या मुलांनी त्याला विचारले, की शनीला खरेच कडी असतात का. बसकाकाने छाती ठोकून सांगितले, की मी तुम्हाला दाखवतो, तीही माझ्या हाताने बनवलेल्या दुर्बिणीतून. आता शब्द देऊन बसल्यावर दुर्बीण बनवणे आलेच. त्याच्या ओळखीचे एक म्हातारे घड्याळदुरुस्तीवाले होते, त्यांना तो दादा म्हणे. दादांनी तरुणपणी अशी एक दुर्बीण केली होती. त्यांनी त्याला काच आणून दिली, घासायची पूड दिली आणि कसे करायचे ते शिकवले.

मित्रांनो, या दुर्बिणीत मुख्य काम करतो तो एक आरसा, बशीसारखा किंचित खोलगट. काचेवर काच ठेवून, मध्ये पूड आणि पाणी घालून घासत राहायचे. खालची काच फुगत जाते आणि वरची खोल होत जाते. मग डांबराची गादी करून तिच्यावर लाल पूड लावून चमक आणायची. पण चमकले म्हणजे झाले असे नाही. तो खोलगटपणा सगळीकडे अगदी सारखा हवा. केसाचे हजार भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागाएवढी चूकसुद्धा शनीला चिखलाचा गोळा करून टाकते. इतकी बारीक चूक कुठल्या पट्टीने मोजणार? तिथे माझे काम सुरू होते.

त्यांच्या घरात पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक लांब, अरुंद बोळ होता. त्याला खिडकी नव्हती. दोन्ही दारे लावली की भर दुपारी तिथे काळोख होई. बोळाच्या एका टोकाला स्टुलावर आरसा उभा केलेला असे आणि दुसऱ्या टोकाला टेबलावर मी, एका लाकडी ठोकळ्यावर दोन स्क्रूंनी घट्ट बसवलेली. माझ्या शेजारी पत्र्याच्या डबीत एक छोटा दिवा होता. डबीला सुईने छिद्र पाडले होते. त्या छिद्रातून निघालेला उजेड आरशापर्यंत जाई, आरशावरून परत येई आणि नेमका माझ्या धारेजवळ एका ठिपक्यात गोळा होई. माझ्या मागे चार बोटांवर बसकाकाचा डोळा. त्याला आरसा पौर्णिमेच्या चंद्रासारखा उजळलेला दिसे. मग तो स्क्रू फिरवून मला हळूहळू त्या ठिपक्यात सरकवी. आरसा निर्दोष असेल तर सगळा चंद्र एकदम, एकसारखा राखाडी होतो. कुठे फुगवटा किंवा खळगा असेल तर तेवढाच भाग उन्हातल्या टेकडीसारखा उठून दिसतो. आरशासमोर नुसता तळहात धरला तरी हातातून उठणारी ऊब धुरासारखी वर जाताना दिसते. म्हणजे बघा, मी काय काय दाखवू शकत होते.

दादांनी एक नियम घालून दिला होता. ज्या डोळ्याने आरसा तपासायला घेतला, त्याच डोळ्याने तो शेवटपर्यंत तपासायचा. दोन डोळे दोन माणसांसारखे असतात, म्हणे. मध्येच बदलले तर काल काय पाहिले आणि आज काय पाहिले याचा मेळ बसत नाही. बसकाकाने उजवा डोळा नेमला आणि तो नियम देवाच्या शब्दासारखा पाळला. डावा मिटायची त्याला इतकी सवय झाली, की काहीही नीट पाहायचे असले की डावी पापणी आपोआप खाली येई. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे वाचताना, भिंतीवरचा खिळा ठोकताना, कुलपात किल्ली घालताना. "मला डोळा मारताय की काय या वयात?" काकू विचारी. तोही हसे. मित्रांनो, ही पापणी लक्षात ठेवा.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते. रविवारी दुपारी बसकाका बोळाची दारे लावून बसे. आधी कडेला फुगवटा होता, तो त्याने घालवला. मग एक कंगोरा होता, तोही गेला. "हे पातं म्हणजे माझा तिसरा डोळा आहे," असे तो दादांना सांगे आणि माझ्या पाठीवरून मऊ कापड फिरवी. आणि एका रविवारी मी उजेडात शिरले, तेव्हा आरसा एका क्षणात, काठापासून काठापर्यंत, एकसारखा राखाडी झाला. बसकाका जागचा हलला नाही. मग तो काकूला हाताला धरून घेऊन आला आणि त्याने तिला माझ्या मागे बसवले.

"काय दिसतं?"

"राखाडी ताटली."

"बस! तेच! काहीच दिसत नाही ना तिच्यात?"

"नाही."

"अगं, काहीच न दिसण्यासाठी मी वर्षभर राबलो!"

काकू म्हणाली, "एवढंच पाहिजे होतं तर घरात राखाडी ताटल्या कमी आहेत का?" पण तिच्या आवाजातही आनंद होता. आता आरशावर चांदीचा थर चढवून आणला की तो नळीत बसणार होता. नळी तयार होऊन माळ्यावर वाट पाहत होती. बसमधली मुले रोज विचारत, की काका, शनी कधी?

चांदीसाठी पाठवण्याआधी एकदा शेवटचे पाहून घ्यावे, म्हणून बसकाका पुढच्या रविवारी बसला. त्याने मला सरकवले. उजेड आरशावरून आला, मी तो कापला, आणि आरसा गेल्या वेळेइतकाच निर्मळ होता हे मी शपथेवर सांगते. उजेड आधी माझ्याकडे येतो, मग डोळ्याकडे जातो. माझ्यापाशी तो स्वच्छ होता.

बसकाका म्हणाला, "अरेच्चा."

त्याने डोळा चोळला, पुन्हा लावला. मला पुढेमागे केले. "मध्ये काहीतरी आहे," तो स्वतःशीच पुटपुटला. "मधोमध एक डाग दिसतोय."

माझ्या अंगावर काटा यावा अशी माझी घडण नाही, पण त्या दिवशी मी टेबलावर गार पडले. डाग नव्हता. जो डाग माझ्या पुढे नाही तो माझ्या मागे आहे, एवढा हिशेब अर्ध्या ब्लेडलाही समजतो. आणि माझ्या मागे काय होते? चार बोटांवर उघडलेला एक डोळा. त्याच डोळ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस मुलांची बस रस्त्यावर काढायची होती.

मला तोंड नाही. मला फक्त धार आहे.

बसकाकाने ठरवले, की आरशाच्या मध्ये फुगवटा राहिला आहे. अंगठ्याएवढी डांबराची गादी करून त्याने मधला भाग घासला. पुन्हा पाहिले. डाग होता तसाच होता. आणखी घासला. मग त्याने कडेकडे नजर नेली, तर डागही कडेला गेला. "हवा हलतेय," तो म्हणाला आणि दारांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. मग म्हणाला, की काच तापली असेल. काच रात्रभर गार होऊ दिली. डाग गेला नाही. त्या एका खोट्या डागापायी तो खऱ्या आरशाचे पोट खरवडत होता, आणि त्याची घासणी चालू असलेली ऐकून मला काही सुचत नसे.

एका संध्याकाळी तो घरी आला तो पाय आपटतच.

"शाळेच्या फाटकाचा खांब कुणीतरी सरकवलाय," तो म्हणाला.

"म्हणजे?" काकू बाहेर आली.

"म्हणजे काय? बसची उजवी बाजू घासली. पार आरशापासून मागच्या चाकापर्यंत. एवढी वर्षं त्याच फाटकातून नेतोय."

"मुलं होती आत?"

"होती. त्यांना मजा वाटली."

 काकू बोळातच उभी राहिली, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. खांब सिमेंटचा होता हे तिला माहीत होते.

पुढच्या रविवारी बसकाकाने दादांना बोलावले. दादा काठी टेकत आले, बसले, माझ्या मागे डोळा लावला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"अरे, मध्ये जरासा खळगा आहे," ते म्हणाले. "गुळगुळीत, छोटा. तू उगाच जास्त घासलंस मध्ये. बाकी झकास आहे."

"खळगा नाही दादा, डाग आहे. काळपट. मधोमध."

"मला तर नाही दिसत."

"नीट बघा."

दादा उठले, बोळाच्या टोकाला गेले आणि त्यांनी आरशाच्या बरोबर मधोमध आपला अंगठा टेकवला. मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे इतका वेळ टेकवून ठेवला. काच अंगठ्याच्या उबेने फुगते, मित्रांनो, आणि अशा वेळी मी जे दाखवते ते आंधळ्यालासुद्धा दिसावे इतके मोठे असते. दादांनी अंगठा काढला. आरशाच्या मध्ये एक टेकडी उभी राहिली.

"आता बघ," दादा म्हणाले. "आता काय दिसतं?"

बसकाकाने डावा डोळा मिटला. उजवा लावला. "तेच," तो म्हणाला. "मघाशी होतं तेच. डाग."

"टेकडी दिसत नाही?"

"कसली टेकडी?"

दादा हसले. "चेष्टा करतोस का म्हाताऱ्याची? एवढी मोठी..."

"दादा," बसकाका एकदम तुटकपणे म्हणाला, "तुमचे डोळे आता गेले. घड्याळांवर वाकून वाकून संपले. मान्य करा आणि घरी बसा."

हे बोलून झाल्यावर त्यालाही बरे वाटले नसावे, कारण तो स्क्रूशी चाळा करत राहिला. दादांनी काठी उचलली. दारापाशी थांबून त्यांनी एकदा आरशाकडे वळून पाहिले आणि ते निघून गेले. मला त्यांचा फार राग आला. ते एवढे शहाणे, त्यांनी थोडे अधिक थांबायला हवे होते. पण अपमान झालेला माणूस थांबत नाही, आणि त्या टेकडीचा अर्थ त्यांच्या डोक्यात यायला वेळ लागणार होता.

आता दोष कुणाला द्यायचा? काच झाली, हवा झाली, दादा झाले. उरले मी. बसकाकाने मला स्क्रू काढून उजेडात धरले, माझ्या धारेवरून डोळा फिरवला, अर्थात उजवाच. "हेच पातं खराब झालंय," तो म्हणाला. काकूच्या शिवणाच्या डब्यातून माझे भावंड आणले आणि माझ्या जागी बसवले. मला खिळ्यांच्या डब्यात टाकले. डबा त्याच टेबलाखाली, उघडा.

ज्याला तो तिसरा डोळा म्हणत होता, त्याची ही गत. खाली वाकडे खिळे, वर गंजलेली बिजागरी, आणि आत थोडे पाणी झिरपलेले. पहिल्या आठवड्यातच माझ्या एका कोपऱ्यावर तांबूस ठिपका उठला. माझे भावंड वर बसून उजेड कापायचा प्रयत्न करत होते. शिलाया उसवून त्याला दाते पडले होते, तरी त्याच्या मानाने ते बरे काम करत होते. पण बसकाकाला त्यातूनही तोच डाग दिसत राहिला. त्याने भावंडालाही शिव्या घातल्या. मला थोडे बरे वाटले, हे लपवत नाही.

मग तो दिवस आला. रविवार नव्हता. बसकाका शाळेतून लवकर परतला होता आणि बोळात येऊन, दारे लावून, दिवा पेटवून बसला होता. त्याचा श्वास मला खालून ऐकू येत होता. तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. बसमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला एक ताई असे, ती आली होती. काकूने दार उघडले. ताई आत आलीच नाही, आणि बाहेरच्या उजेडातून तिला बोळाच्या काळोखात बसलेला बसकाका दिसला नसावा. उंबऱ्यापलीकडे उभी राहून रडायला लागली.

"काकू, तुम्ही काकांना सांगा काहीतरी. आज मी पत्र्यावर हात आपटला नसता तर..."

"काय झालं?"

"एक छोटी उतरली आणि तिची पाण्याची बाटली बसपुढे घरंगळली. ती उचलायला वाकली. काकांच्या अगदी समोर, त्या वळणापाशी. काका तिच्याकडेच बघत होते, काकू! सरळ तिच्याकडे बघत होते आणि गाडी सोडली त्यांनी. मी ओरडले, पत्रा बडवला, तेव्हा ब्रेक मारला. हातभर अंतर राहिलं."

"तिला लागलं नाही ना?"

"नाही. पण मी काकांना विचारलं, दिसली नाही का, तर म्हणाले, कोण? आणि एक सांगू? ते बघताना डावा डोळा मिटतात. फाटकातून नेतानाही मिटतात. मला आधी वाटलं ऊन लागतंय."

काकूने ताईला पाणी दिले, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला पाठवले. दार लावले. बोळात पुन्हा काळोख झाला. बसकाका जागचा हलला नव्हता. त्याने सगळे ऐकले होते.

"पोरगी एकदम आली मध्ये," तो म्हणाला.

काकू त्याच्या मागे येऊन उभी राहिली. "आत्ता काय दिसतंय तुम्हाला?"

"डाग. अजून तोच. हा आरसा काही..."

"डाव्या डोळ्यानं बघा."

"तसं करत नाहीत. डोळा बदलायचा नाही, नियम आहे."

"घाला चुलीत तो नियम."

"अगं, सगळी तपासणी वाया..."

काकूने पुढे काही ऐकून घेतले नाही. तिने मागून हात घातला आणि आपला ओला, साबणाचा वास येणारा तळहात त्याच्या उजव्या डोळ्यावर दाबून धरला. दुसऱ्या हाताने त्याचे डोके धरून ते माझ्या भावंडाच्या मागे नेले.

"उघडा डावा. बघा."

मित्रांनो, मी खाली खिळ्यांत पडले होते. मला आरसा दिसत नव्हता, बसकाकाचा चेहरा दिसत नव्हता. फक्त टेबलाखालून त्याचे पाय दिसत होते. ते आधी चपलेत हलत होते, मग थांबले.

"काय दिसतं?" काकूने विचारले.

"खळगा," तो म्हणाला. "मध्ये छोटा खळगा आहे. दादा म्हणाले तसा. माझ्याच घासण्यानं झालेला."

"आणि डाग?"

"नाही."

तिने हात काढायला घेतला. त्याने तिचे मनगट धरले आणि हात तिथेच ठेवला. "राहू दे," तो म्हणाला. "थोडा वेळ राहू दे." बोळात दिव्याची बारीक गुणगुण तेवढी चालू होती. मग तो म्हणाला, "अगं, उद्या सकाळी बस कोण नेणार?"

दुसऱ्या दिवशी त्याने शाळेत जाऊन बसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि तिथूनच काकू त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. परत आल्यावर दोघे बोळात उभ्याउभ्याच बोलले, म्हणून मला कळले. उजव्या डोळ्याच्या आतला पडदा बरोबर मधोमध खराब झाला होता. कडेकडेचे दिसत राहील, मधले गेले ते गेले. आणखी थोडे आधी आला असता तर काही करता आले असते, असे डॉक्टर म्हणाला. "दोन्ही डोळे उघडे असले की डावा सगळं झाकून घेतो," असेही म्हणाला, "म्हणून माणसाला कळतच नाही." आणि ज्या एका ठिकाणी तो नेहमी एकाच डोळ्याने पाहत होता, तिथे त्याला कळले होते. महिनोन्महिने आधी कळले होते. त्याने फक्त दोष आरशाला दिला.

त्या संध्याकाळी बसकाका दादांच्या घरी गेला. तिथे काय झाले ते मी पाहिलेले नाही, पण येताना दोघे बरोबर आले. दादा माझ्या भावंडाच्या मागे बसून सांगत आणि बसकाका घासत असे. असा तो खळगा त्यांनी महिन्याभरात काढला. भावंडाचे दाते दादांच्या लक्षात आले, तेव्हा खिळ्यांच्या डब्यात शोधाशोध झाली आणि मी पुन्हा ठोकळ्यावर चढले. बसकाकाने माझा गंजाचा ठिपका नखाने खरवडला. तो पुरता गेला नाही. "चुकलं बाबा तुझ्याशी," तो मला म्हणाला. मित्रांनो, माणसे आम्हा वस्तूंशी अशी बोलतात तेव्हा फार बरे वाटते.

मुलांना त्याने दिलेला शब्द पुरा केला, दादांच्या जुन्या दुर्बिणीने. शाळेच्या मैदानावर रांग लागली होती, असे म्हणतात. स्वतः बसकाकाने शनी डाव्या डोळ्याने पाहिला.

पण आमचा आरसा अजून बोळाच्या टोकाला स्टुलावरच उभा आहे. त्याच्यावर चांदी चढवलेली नाही. नळी माळ्यावर कोरीच आहे. "आता तर तो चांगला झाला ना? मग बसवत का नाही?" असे पहिले काही दिवस काकू विचारी. आता विचारत नाही. तिला कळले आहे. उजव्यासारखे डाव्यालाही होऊ शकते, लक्ष ठेवा, असे डॉक्टरने सांगितले आहे. रोज सकाळी शाळेची बस घरापुढून जाते, नवा ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, मुले खिडक्यांतून हात हलवतात. बस वळणाआड गेली, की बसकाका आत येतो, बोळाची दारे लावतो, दिवा पेटवतो, उजव्या डोळ्यावर स्वतःचा तळहात ठेवतो आणि मला उजेडात सरकवतो. काकू स्वयंपाकघराच्या दारामागे उभी असते. हातातले भांडे खाली ठेवलेले असते.

"राखाडी ताटली," तो आतून ओरडतो. मग भांड्याचा आवाज होतो आणि घर पुढे चालू लागते.

पूर्वी मी आणि तो मिळून आरसा तपासत होतो. आता आरसा आणि मी मिळून त्याला तपासतो.

मित्रांनो, आता माझी अडचण ऐका. खिळ्यांच्या डब्यात धरलेला तो गंज मेलेला नाही. बोळात ओल आहे. मला मऊ कापडाने पुसायचे काम रोजच्या घाईत मागे पडले, आणि तो ठिपका कोपऱ्यावरून धारेवर सरकला आहे. मधोमध पोचायला त्याला थोडीच जागा उरली आहे. तो तिथे पोचला, की माझी धार सरळ राहणार नाही आणि आरशावरची छाया फाटलेली दिसेल. पूर्वी मी छातीठोकपणे सांगू शकत होते की माझ्यापाशी उजेड स्वच्छ आहे. आता मलाच माझा भरवसा नाही.

आज सकाळी बस गेली. बसकाका आत आला, दारे लावली, दिवा लावला. मी सरकले. "राखाडी ताटली" हे शब्द आले नाहीत.

"काय हो?" दारामागून काकूने विचारले.

"थांब," तो म्हणाला. "पुन्हा बघू दे."

तो अजून बघतो आहे. काकू अजून उभी आहे. तो माझा गंज आहे की त्याचा डोळा, हे मला सांगता येत नाही, आणि माहीत असते तरी मला तोंड नाही. तुम्ही आपापले दोन्ही डोळे एकेक झाकून कधी पाहिले आहेत का? नसतील तर पाहा, आणि आज पाहा. दिसलेल्या डागाचा दोष लगेच समोरच्याला देऊ नका. आणि ज्या वस्तूच्या भरवशावर तुम्ही डोळे मिटता, तिला अधूनमधून पुसत जा. सुरुवातीला मी तुम्हाला बोटे मागे घ्यायला सांगितले होते. आता तुमच्यापैकी कुणीतरी एक बोट पुढे करा, तेलात बुडवलेले, आणि माझ्या पाठीकडून धारेकडे हळूच फिरवा. जपून फिरवा, पण लवकर या.